रोवणी ते पोळा: ओल्या दिवसांत कातडी सांभाळायची रीत

"भाऊ, मांगच्या बारीनं नेली होती ना, तीच ट्यूब द्या. दोन दिवसात खाज बसते तिनं."

जुलै लागला की माझ्या मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य दिवसातून दहादा तरी ऐकू येतं. आमचं गाव भंडारा जिल्ह्यातलं, धानाचं. सुरुवातीच्या वर्षांत मीही मुकाट्याने ती ट्यूब काढून देत होतो. माणूस खूश होऊन जायचा आणि महिनाभरात जांघेतला नायटा कंबरेपर्यंत चढवून परत यायचा. तेव्हापासून एक गोष्ट ध्यानात आली. लोकांचं औषध जितकं चुकतं, त्याहून जास्त क्रम चुकतो. ओल्या अंगावर पावडर, दमट चड्डीखाली ट्यूब, आणि खाज बसली की औषध बंद. क्रम असा हवा: धुणं, कोरडं करणं, मग औषध, आणि ते औषध ठरलेल्या तारखेपर्यंत. खाली तेच टप्प्याटप्प्याने लिहिलं आहे. कपाशी-सोयाबीनच्या पट्ट्यातल्या वाचकांनी रोवणीच्या, म्हणजे धानाची रोपं लावण्याच्या, जागी निंदण वाचावं, बाकी फरक नाही.

१. पावसाआधीची तयारी

मृग लागायच्या आत झाली तर उत्तम. नाही झाली तर आज करा.

सगळ्यात आधी आतले कपडे मोजा. झडीत एक चड्डी नीट वाळायला दोन दिवस लागतात, म्हणून माणशी किमान चार जोड हवेत. सुती, सैल, पातळ कापडाचे. नायलॉनच्या चड्ड्या, घट्ट लेगिंग आणि जीन्स पोळ्यानंतर घाला. लग्नात मिळालेली जाड जीन्स घालून डवरा हाकणारी पोरं मी पाहिली आहेत. चिखलाने भिजलेली जीन्स दिवसभर जांघेत घासते, आणि रात्री तीच खुंटीला टांगून सकाळी पुन्हा चढवली जाते.

मग दुपट्टा. आपल्याकडे एकाच दुपट्ट्याने घाम पुसायचा, आंघोळीनंतर अंग पुसायचं, उन्हात डोक्याला बांधायचा आणि जेवण झाल्यावर त्यालाच हात पुसायचे. घरात एकाला नायटा असेल तर तो घरभर पोचायला एवढं पुरे. प्रत्येकाचा दुपट्टा वेगळा करा. रंग वेगळा घेतला तर भांडण होत नाही.

याशिवाय एवढं सामान लागतं:
- साधी अंगाची साबण. जंतुनाशक घेतलीच पाहिजे असं नाही.
- जुन्या सुती साडीच्या वीतभर पट्ट्या, वीस-पंचवीस. या पायाच्या बोटांसाठी. त्यांचं काम पुढे येईल.
- व्हॅसलीनसारखी पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल.
- रबरी हातमोजे एक जोड, फवारणी करणाऱ्याला वेगळे.
- जुनी वर्तमानपत्रं, बुटांसाठी.

आता करदोडा. हा विषय काढला की घरातली म्हातारी माणसं नाराज होतात, पण सांगणं भाग आहे. कंबरेचा काळा दोरा पावसाळाभर ओला असतो आणि त्याखालची कातडी कधीच सुकत नाही. नायटा झालेल्या माणसाच्या कमरेला तोच दोरा राहिला, तर औषध कितीही लावा, तो तिथूनच पुन्हा सुरू होतो. खाज असेल त्याने तो काढावा. नसेल त्याने निदान नवीन बांधावा आणि आंघोळीनंतर त्याच्याखाली पुसावं. हातातले गंडेदोरे आणि घट्ट अंगठी यांचंही तेच. बायकांच्या कमरेवर परकराच्या नाड्याखाली नेमका पट्ट्यासारखा नायटा येतो. नाडा रुंद घ्या आणि रोज एकाच जागी करकचून बांधू नका.

तपासा: घरात कुणाला आत्ताच खाज आहे का? वासराच्या डोळ्याभोवती किंवा मानेवर केस गळून राखाडी खपल्या आल्या आहेत का? जनावराची दाद, म्हणजे नायटाच, माणसाला लागते. वासरू असेल तर पशुवैद्यकाला दाखवा, आणि त्याला हाताळून झाल्यावर हात साबणाने धुवा.

२. वावरात जाण्यापूर्वी

रोवणीला बाई सकाळी बांधीत उतरते ती दिवस कलताना बाहेर येते. सहा-सात तास पाय गुडघाभर चिखलात आणि हात पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्यांत. इतका वेळ भिजलेली कातडी पांढरी पडते, फुगते, आणि मग तिला काडीसुद्धा कापते. पाणी टाळता येत नाही, पण कातडीत मुरणारं पाणी कमी करता येतं.

घरून निघताना कोरड्या पायांना घोट्यापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांच्या कडांना पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल चोळा. हातांनाही लावा. जेवणाच्या सुट्टीत पाय स्वच्छ पाण्याने धुवून पुसा आणि अर्धा तास उघडे, कोरडे राहू द्या. झाडाखाली बसून गप्पा तर होतातच, त्या पाय पसरून करा. पुन्हा उतरण्याआधी पुन्हा लावा.

सावधान: बेचक्यांत आधीच चिरा, पांढरी सुटलेली कातडी किंवा वास असेल तर तिथे तेल-जेली लावू नका. ओल आत कोंडते.

प्लास्टिकचे बूट किंवा गमबूट घालणाऱ्यांचं दुखणं उलटं आहे. पाणी वरून आत शिरतं आणि दिवसभर आतच राहतं. दुपारी बूट उलटे करून पाणी काढा. घरी आल्यावर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला. सकाळी हात घालून पाहा, बूट आतून गार लागला तर तो वाळलेला नाही.

निंदणाला जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. गाजरगवत उघड्या हाताने उपटू नका. त्याची ॲलर्जी एकदा अंगात बसली की दर हंगामात पापण्या, मान आणि कोपराच्या आतल्या बाजूला खाज सुटते, आणि लोक त्याला नायटा समजून वर्षानुवर्षं भलतंच लावत बसतात. हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि फुलावर यायच्या आत उपटणं, एवढं तरी करा.

३. घरी आल्यावरचा अर्धा तास

अख्ख्या लेखातला महत्त्वाचा टप्पा हाच, आणि नेमका याच वेळी माणूस थकलेला असतो. ओल्या कपड्यांतच चहा होतो, गुरांना चारा-पाणी होतं, मोबाइल बघून होतो. तासभर कसा गेला ते कळत नाही.

पहिलं काम, ओले कपडे उतरवणं. चहा नंतर. दुसरं, चिखल पाण्याने सुटू द्यायचा. वाळलेला चिखल दगडाने किंवा वजरीने खरवडला की बारीक ओरखडे पडतात, आणि बुरशीला, जंतूंना आत शिरायला तेवढी वाट पुरते. तिसरं, कोमट किंवा साध्या पाण्याने आंघोळ. साबण काखेत, जांघेत, छातीखाली, बोटांच्या बेचक्यांत हाताने लावा आणि पूर्ण धुवून काढा. राहून गेलेला साबणही खाजवतो. पाण्यात जंतुनाशकाची बाटली उपडी करणारे बरेच आहेत. त्याने नायटा जात नाही, उलट भाजल्यासारखी कातडी होऊन माझ्याकडे येतात.

चौथं काम पुसणं, आणि ते वरून खाली. चेहरा, मान, काखा, छातीखाली, पोटाच्या वळ्या, पाठ. मग कंबर, जांघा. पाय सर्वांत शेवटी, आणि त्यांना कापड वेगळं. पायाच्या बुरशीवरून फिरवलेला दुपट्टा जांघेत गेला की बुरशीही जांघेत पोचते. घासू नका, टिपा.

साडीच्या पट्ट्या लागतात त्या इथे. एक पट्टी घेऊन पायाच्या प्रत्येक बेचकीतून सुतासारखी ओढायची. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधली बेचकी सर्वांत अरुंद, म्हणून चिखल्या, म्हणजे बेचक्यांतली कातडी भिजून सुटणं, बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतात. दोन्ही पायांच्या आठ बेचक्यांना एक मिनिटही लागत नाही. पट्ट्या वापरून झाल्या की उकळत्या पाण्यात टाका.

मग पाच-दहा मिनिटं पंख्याखाली सैल लुंगी किंवा गाऊनवर बसा. वीज गेली असेल तर छपरीत वाऱ्याला. पावडर लावायची तर या नंतर. ओल्या जांघेत टाकलेल्या पावडरचे गोळे होतात आणि चालताना ते वाळूसारखे घासतात.

तपासा: बोटाच्या पाठीने काख, जांघ आणि बेचकी चाचपा. चिकट लागली तर अजून ओली आहे. चड्डी घालायची घाई नको.

फवारणी करून आलात तर

हे वेगळं लिहितो कारण इथे नुसत्या खाजेचा प्रश्न नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. फवारणीचं औषध नाकातोंडातून जातं हे सगळ्यांना माहीत असतं, पण कातडीतूनही जातं, आणि घामेजलेल्या जांघेतून, भिजलेल्या पाठीतून जास्त जातं. पंप गळून पाठ भिजली तर फवारणी संपायची वाट पाहू नका. कपडे तिथेच काढा, साबण आणि भरपूर पाण्याने अंग धुवा. हे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका. मळमळ, घाम सुटणं, डोळ्यांपुढे अंधुक होणं, अंग थरथरणं यांपैकी काही वाटलं तर औषधाचा डबा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

४. कपडे वाळवणं

अंग कोरडं करून ओलसर बनियान चढवली तर मागचा टप्पा पाण्यात गेला. नायट्याची बुरशी कपड्याच्या शिवणीत टिकून राहते. म्हणून:

खाज असलेल्या माणसाचे आतले कपडे, दुपट्टा आणि चादर वेगळी भिजवा. हात घालवणार नाही इतक्या गरम पाण्यात अर्धा तास राहू द्या, सुती पांढरे कपडे उकळले तरी चालतात. धुवून झाल्यावर उलटे करून वाळत घाला म्हणजे शिवणीला वारा आणि ऊन लागेल. ऊन दोन तास जरी पडलं तरी दोरी अंगणात काढा.

झड लागली की आठ-आठ दिवस ऊन नसतं. तेव्हा घरात पंख्याखाली दोरी बांधा, कपड्यांत हातभर अंतर ठेवा आणि घालण्याआधी इस्त्री फिरवा, विशेषतः कंबरपट्टी आणि जांघेच्या शिवणींवर. तान्ह्या बाळाची लंगोटं शेगडीवर टोपली पालथी घालून वाळवायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. ती वाईट नाही, फक्त निखारे राखेखाली असू द्या आणि जागेवरून उठू नका.

गोठ्यात कपडे वाळवू नका. तिथली हवाच दमट असते.

तपासा: कपडा गालाला लावून पाहा. हाताला कोरडा वाटणारा कपडा गालाला गार लागला तर त्यात ओल आहे.

५. खाज आहेच, तर आधी ओळखा

सगळ्याला "खाज" म्हणून एकच ट्यूब लावणं ही दुसरी मोठी चूक. ढोबळ ओळख अशी.

नायटा किंवा गजकर्ण: गोल चट्टा, कडा लाल आणि उठलेली, मधला भाग त्यामानाने स्वच्छ. जांघ, कंबर, काख, कुल्ले. ही बुरशी आहे आणि लागट आहे.

चिखल्या: पायाच्या बेचक्यांत पांढरी, भिजल्यासारखी, सुटणारी कातडी, चिरा, कधी वास. धुवून, वाळवून बोटांमध्ये कोरडी सुती पट्टी ठेवा आणि बुरशीची साधी मलम दोन वेळा लावा. पाणी झिरपत असेल तर आधी पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पाय बुडवा. पाणी फिकट गुलाबी हवं. गडद जांभळं केलं किंवा तळाशी एखादा कण न विरघळता राहिला तर तो कातडी जाळतो. झिरपणं थांबलं की हे बंद करा.

खरूज: रात्री अंथरुणात वाढणारी खाज. हाताच्या बेचक्या, मनगट, बेंबीभोवती, पुरुषांच्या गुप्तांगावर बारीक पुळ्या. घरात दोन-तीन जणांना एकदमच. यात बुरशी नसते, किडा असतो. बुरशीची ट्यूब इथे वाया जाते.

शिबं: छाती, पाठ, मानेवर पांढुरके किंवा तपकिरी ठिपके, नखाने खरवडलं तर कोंडा. खाज थोडी. २ टक्के केटोकोनाझोलचा शांपू ओल्या अंगावर पाच मिनिटं ठेवून धुतला की बहुतेकांना भागतं. पांढरे डाग भरायला मात्र महिने लागतात. डाग दिसतात म्हणून औषध लांबवत बसू नका.

घामोळ्या: बारीक टोचणारे दाणे. गार पाणी, वारा, सैल कपडा, हवं तर कॅलामाइन. तेल नको.

किडा मुतला: सकाळी उठल्यावर मानेवर किंवा चेहऱ्यावर चटका दिल्यासारखी लांब रेघ. रात्री दिव्याखाली जमणारा बारीक लाल-काळा किडा अंगावर चिरडला की त्यातला रस भाजतो. किडा दिसला तर फुंकर मारून उडवा, थापड मारू नका, जागा साबणाने धुवा आणि तोच हात डोळ्याला लावू नका.

सावधान: चट्टा आहे पण खाज मुळीच नाही, रंग फिका किंवा लालसर, तिथे घाम येत नाही आणि डोळे मिटून कापूस टेकवला तर कळत नाही, असं असेल तर कुठलंही मलम न लावता आशाताईंना सांगा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात कुष्ठरोगाचे रुग्ण अजून निघतात. सहा किंवा बारा महिन्यांच्या गोळ्या फुकट मिळतात आणि वेळेत घेतल्या तर हातापायाला काही होत नाही. लपवण्यात नुकसान आहे.

६. ट्यूब: कोणती, किती, केव्हापर्यंत

काउंटरवरची "तीच ट्यूब" म्हणजे बहुतेक वेळा तीन-चार औषधांची खिचडी असते. बुरशीचं एक, जंतूंचं एक आणि सोबत कडक स्टेरॉइड. खाज दोन दिवसात बसते ती स्टेरॉइडने. पण तेच स्टेरॉइड कातडीची लढायची ताकद झोपवतं. वरून लाली जाते, आतून बुरशी पसरते. ट्यूब सोडली की खाज दुप्पट होऊन येते, माणूस पुन्हा तीच लावतो. काही महिन्यांत जांघेत जांभळट वळ उठतात, पोटावर बाळंतपणात उठतात तसे. ते जन्मभर जात नाहीत. कायद्याने कडक स्टेरॉइडच्या ट्यूबा चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. गावात काय होतं ते तुम्हाला आणि मला दोघांनाही माहीत आहे.

म्हणून पैसे देण्याआधी खोका वाचा. अक्षर बारीक असतं, शाळेत जाणाऱ्या पोरीला वाचायला लावा. ओळखायची सोपी खूण: नावाच्या शेवटी "झोल" आलं तर औषध बुरशीचं. क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल, ल्युलिकोनाझोल, केटोकोनाझोल. एरवी झोल वाईट, इथे झोल चांगला. शेवटी "सोन" किंवा "सोल" आलं तर स्टेरॉइड. बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, हॅलोबेटासोल. "लोन"वालेही त्याच घरचे, फ्लुओसिनोलोन वगैरे. टर्बिनाफिन या नियमात बसत नाही, पण ते बुरशीचंच आहे. नायट्याला फक्त "झोल" असलेली, एकाच औषधाची ट्यूब घ्या.

लावायची पद्धत दोनच्या आकड्यात बसते. चट्ट्याच्या कडेपासून दोन सेंटिमीटर, म्हणजे बोटभर, बाहेरपर्यंत लावा. दिवसातून दोनदा लावा (ल्युलिकोनाझोल एकदाच). आणि चट्टा पूर्ण दिसेनासा झाल्यावर आणखी दोन आठवडे लावा. लावताना बाहेरून सुरू करून आत या, उलट केलं तर बुरशी बाहेर ओढली जाते. मग हात धुवा.

किती लागते याचा हिशेब कुणी करत नाही, म्हणून करून देतो. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून रेघ ओढली की ती साधारण अर्धा ग्रॅम. तेवढ्यात दोन तळव्यांएवढी जागा होते. दिवसातून दोनदा म्हणजे एक ग्रॅम. १५ ग्रॅमची ट्यूब पंधरा दिवस पुरते आणि औषध सहा आठवड्यांवर सहज जातं. म्हणजे एका माणसाच्या एका जागेच्या नायट्याला तीन ट्यूबा. आपल्याकडे एक ट्यूब आणून चौघे लावतात आणि "लागू पडली नाही" म्हणतात.

तारीख आधी ठरवा. ज्या दिवशी चट्टा दिसेनासा होतो त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा आणि चौदा घरं पुढे मोजून दुसरी खूण करा. दुसऱ्या खुणेपर्यंत ट्यूब लावायची, खाज असो वा नसो. सुरुवातीला मोबाइलवर फोटो काढा आणि दर आठ दिवसांनी त्याच जागेचा पुन्हा काढा. रोज पाहणाऱ्याला फरक कळत नाही.

घरात ज्यांना ज्यांना नायटा आहे त्यांनी एकाच दिवशी सुरू करा. बापाचा बरा होईपर्यंत पोराचा ठेवला तर बापाला परत होतो.

सावधान: महिनोन्महिने खिचडी ट्यूब लावली असेल तर ती एकदम सोडल्यावर जागा पेटून उठते. घाबरून परत तीच लावू नका, डॉक्टरांकडे जा. डोक्यातल्या केसांतला आणि नखांतला नायटा ट्यूबने जात नाही, त्याला पोटातून गोळी लागते आणि ती डॉक्टरच ठरवतात.

घरगुती उपायांबद्दल माझं मत कडक आहे. लसूण ठेचून बांधणं, चुना, रॉकेल, मोरचूद, बॅटरीचं पाणी, या सगळ्यांनी कातडी जळते. त्यात बिबा सर्वांत वाईट. दोन वर्षांपूर्वी एक काका पायाला कापड गुंडाळून दुकानाच्या पायरीवर बसले होते. चिखल्यांवर कुणीतरी बिब्याचं तेल सुचवलं होतं. कापड सोडलं तर अंगठ्याशेजारी बोरांएवढे तीन फोड, आणि पिवळं पाणी थेट टाचेपर्यंत. चिखल्या आठ दिवसांत बऱ्या झाल्या असत्या, बिब्याच्या जखमेने रोवणीचा सगळा हंगाम खाल्ला. मेंदीचं मी काही म्हणत नाही. झाडाची पानं वाटून लावा, पण काळी मेंदी म्हणून मिळणारी पुडी नको, तिच्यातल्या रसायनाने भाजतं.

७. खरूज निघाली तर सगळं घर एकाच रात्री

परमेथ्रिन ५ टक्के मलम रात्री आंघोळ करून, अंग पूर्ण कोरडं झाल्यावर, मानेपासून तळपायापर्यंत. खाजतं तिथेच लावणं ही इथली नेहमीची चूक. बेंबी, नखांखाली, कुल्ल्यांच्या फटीत, गुप्तांगावर, तळपायाला, सगळीकडे. मोठ्या माणसाला एका वेळी ३० ग्रॅमपर्यंत लागतं. आठ ते चौदा तास राहू द्या. मध्ये हात धुतले तर हातांना पुन्हा लावा. सकाळी धुवा. आठवड्याने पुन्हा एकदा.

घरातल्या प्रत्येकाने त्याच रात्री लावायचं, ज्याला खाज नाही त्यानेही. शिकायला बाहेर असलेलं पोरगं सुटीला आलं की त्यालाही. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल किंवा बाई गरोदर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दुसऱ्या दिवशी अंगावरचे कपडे, चादरी, गोधड्या गरम पाण्याने धुवून वाळवा. धुता न येणारी गोधडी प्लास्टिकच्या पोत्यात घट्ट बांधून आठवडाभर ठेवा, किडा अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही.

तपासा: औषधानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. मेलेल्या किड्यांचीही ॲलर्जी असते. नव्या पुळ्या येत नसतील तर मलम पुन्हापुन्हा लावू नका.

८. दवाखाना कधी, आणि कसं जायचं

पाय लाल, गरम, सुजलेला आणि ताप, तर त्याच दिवशी. शुगर असलेल्याच्या पायाला चीर किंवा फोड, तर त्याच दिवशी, दुखत नसलं तरी. ताप आणि अंगावर कुठे, काखेत, जांघेत, पोटाच्या वळीत, बिडीचा चटका बसल्यासारखी न दुखणारी काळी खपली दिसली तर लगेच. हा स्क्रब टायफस असू शकतो. गवतातल्या बारीक किड्याच्या अळीपासून होतो, आणि २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर भागात त्याची मोठी साथ होती. वेळेत गोळी मिळाली तर बरा होतो, पण खपली डॉक्टरांना दाखवावी लागते. ती कपड्याखाली असते आणि सांगितल्याशिवाय कुणी बघत नाही.

लहान मुलाच्या तोंडाभोवती मधासारख्या पिवळ्या खपल्या, नखाच्या कडेला पू आलेलं नखुरडं, किंवा साध्या ट्यूबने दोन आठवड्यांत काहीच फरक नसलेला नायटा, यांना एक-दोन दिवसांत दाखवा. हल्ली टर्बिनाफिनला न जुमानणारी बुरशी बरीच दिसते, त्यामुळे औषध बदलावं लागतं. तालुक्याला त्वचेचे डॉक्टर नसतील तर नागपूरचं मेडिकल, मेयो, सेवाग्राम, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया, इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांत चर्मरोगाची ओपीडी असते.

जाताना घरातल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घाला, संपलेल्या, पिळून चपट्या झालेल्यासुद्धा. "काहीच नाही लावलं" म्हणू नका. डॉक्टर रागावले तर रागावू द्या. त्या दिवशी सकाळी चट्ट्यावर पावडर किंवा मलम लावू नका. डॉक्टर तिथली कातडी पात्याने खरवडून काचेवर घेतात आणि दुर्बिणीखाली बुरशी शोधतात. तुम्ही पावडर थापून गेलात तर काचेवर त्यांना पावडरच दिसते.